संगणकाच्या वीजपुरवठा संचाची परीक्षा : ग्रामीण वऱ्हाडाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

बुलडाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात असलेले रोहिणखेड हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते १४३७ मध्ये बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिरखान फारुकीचा येथे केलेल्या पराभवामुळे. लढायांचा इतिहास लिहिला गेला. मात्र गावोगावच्या विजेचा आणि तिच्यावर चालणाऱ्या यंत्रांचा इतिहास अद्याप फारसा लिहिला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात त्यातील एका लहान अंगाचा, म्हणजे संगणकाचा वीजपुरवठा संच (एसएमपीएस) सदोष आहे किंवा नाही हे ओळखण्याच्या पद्धतीचा, विचार केला आहे.

महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि संगणक तालुक्याच्या गावी पोहोचला. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. हाच काळ तीव्र भारनियमनाचा होता. वीज जाणे आणि येणे, कमी दाब, व वीज परतताना बसणारा धक्का हे सर्व प्रथम सोसावे लागे ते एसएमपीएसला. योगायोग असा की, सुमारे १९९९ ते २००७ या काळात जगभर सदोष इलेक्ट्रोलाइट असलेले कपॅसिटर बाजारात आले होते. डोके फुगलेला किंवा तपकिरी द्रव पाझरलेला कपॅसिटर ही त्या काळातील दुरुस्ती करणाऱ्यांची नेहमीची ओळखीची खूण होय. बंद पडलेल्या संगणकाचा दोष मदरबोर्डवर टाकला गेला, तर खर्च कित्येक पटींनी वाढे. म्हणून एसएमपीएसची परीक्षा हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हता.

ही परीक्षा कशी करावी हे संचाच्या रचनेने ठरविले. आयबीएमच्या १९८१ मधील पहिल्या पीसीचा संच अवघा ६३.५ वॅटचा होता. त्याची व पुढील एटी पद्धतीच्या संचांची कळ थेट मुख्य प्रवाह जोडी अथवा तोडी. कळ दाबली की पंखा फिरे. न फिरल्यास संशय घेता येई. परंतु त्यांतील काही संच भाराविना सुरूच होत नसत. त्यामुळे चांगला संचही मृत ठरण्याचा धोका असे, आणि जाणकार कारागीर एखादी जुनी हार्डडिस्क भार म्हणून जोडून पाहात.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली आणि चित्र पालटले. आता संच कधीच पूर्ण बंद नसतो. जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट सतत असतात, आणि मदरबोर्डने हिरवी तार काळ्या तारेशी जोडली म्हणजेच मुख्य भाग जागा होतो. म्हणून संच मदरबोर्डपासून सोडवून हिरवी व काळी तार एका तुकड्याने जोडावयाची, ही सर्वत्र रूढ झालेली युक्ती जन्मास आली. त्यानंतर मल्टीमीटरने पिवळ्या तारेवर ११.४० ते १२.६०, तांबड्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. करड्या तारेवर क्षणभराने ५ व्होल्टच्या आसपास दाब यावा. तो न आल्यास पंखा फिरूनही संगणक उठत नाही. पंखा फिरला म्हणजे संच ठीक, ही समजूत येथेच चुकीची ठरते.

ग्रामीण भागात आणखी एक घोटाळा होत असे. संचातील गाळणीचे दोन लहान कपॅसिटर फेज व न्यूट्रल यांना कॅबिनेटशी जोडतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगतात; हात लावताच झिणझिण्या येतात, टेस्टरही पेटतो. साहजिकच ‘संच करंट मारतो’ असा निष्कर्ष काढला जाई व नवा संच आणला जाई. तोही तसाच वागे. दोष भिंतीतल्या तिसऱ्या छिद्रात असे. ते बहुधा रिकामेच असावयाचे, किंवा तिसरी पिनच कोणी तरी कापून टाकलेली असावयाची. विद्युतजोडणीच्या खर्चात सर्वप्रथम कात्री लागते ती अर्थिंगला, हे जुन्या इमारती पाहिलेल्या कोणालाही सांगावयास नको.

मागील बाजूची ११५-२३० ही तांबडी कळ चुकून ११५ वर राहिली तर संच क्षणात जळतो, हेही येथे नोंदविले पाहिजे. उलटपक्षी, संच उघडून पाहण्याचा मोह घातक आहे. वीज काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२० व्होल्ट काही काळ टिकून राहतात.

मल्टीमीटरलाही मर्यादा आहेत. भाराविना योग्य दाब दाखविणारा संच भार पडताच कोसळू शकतो, आणि दाबातील सूक्ष्म लहरी त्या उपकरणाला दिसत नाहीत. यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, आणि तो भौतिकशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेबाहेर क्वचितच आढळे. व्यवहारात अखेरचा निर्णय अदलाबदलीनेच होई. एकसारखे संगणक असलेल्या वर्गात शेजारच्या यंत्राचा संच काढून संशयित यंत्राला लावला जाई. यंत्र सुरू झाले तर दोष सापडला, न झाले तर शोध मदरबोर्ड, रॅम यांकडे वळे. अर्थात मदरबोर्डमध्येच शॉर्ट असल्यास चांगला संचही स्वसंरक्षणार्थ बंद पडतो, म्हणून काढलेला संच दुसऱ्या, चालू यंत्रावरही लावून पाहावा लागे.