पितृत्व आणि ताबा

१२. कल्याणच्या चाळीत अविवाहित आई असलेल्या सुमनला मावशी धाक घालते : ‘बाप कोर्टात गेला तर पोर त्याचंच.’ कायदा तसे म्हणत नाही. हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या (१९५६) कलम ६(ख) प्रमाणे अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. बाप ताबा मागू शकतो; निकाल मुलाच्या हितावर ठरतो. अर्ज मूल राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे इथे ठाणे जिल्ह्यात करायचा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका ख्रिस्ती अविवाहित आईच्या खटल्यात, पालकत्वाच्या अर्जासाठी बापाचे नाव उघड करण्याची वा त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही, असे ठरवले. आईने प्रतिज्ञापत्र दिले की जन्मदाखला दिलाच पाहिजे, असेही बजावले. कल्याणात हा दाखला महानगरपालिका देते.

पितृत्वाचा मुद्दा निराळा. लग्नसंबंधात जन्मलेल्या मुलाचा पिता पतीच, असे कायदा गृहीत धरतो. सुमनला तो आधार नाही. बापाने नाकारले तर साक्षी, पत्रे आणि प्रसंगी न्यायालयाच्या आदेशाने डीएनए चाचणी. पितृत्व शाबीत झाले की पोटगी देणे बापाला भाग आहे; फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १२५ आणि जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, दोन्ही औरस-अनौरस भेद करत नाहीत. — संपादक