अटलांटिकची शर्यत आणि तेलाचा हिशेब

समुद्रावरील पराक्रमांच्या कथा वाचतांना वाचकांचें लक्ष वेगाकडे जातें. त्या वेगापायीं इंधन किती जळालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु अटलांटिक महासागरावरील प्रवासाचा इतिहास पाहिला म्हणजे हा रुक्ष हिशेबच पराक्रमाच्या मुळाशीं आहे, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८३८ मध्यें 'सिरियस' व 'ग्रेट वेस्टर्न' या दोन आगबोटी एका दिवसाच्या अंतरानें न्यूयॉर्कास पोहोंचल्या. एवढ्या प्रवासास पुरेल इतका कोळसा जहाजास वाहतां येईल काय, याविषयीं विद्वानांसही शंका होती. 'सिरियस'चा कोळसा जवळजवळ संपला. 'ग्रेट वेस्टर्न'वर मात्र सुमारें २०० टन शिल्लक राहिला. तिचा शिल्पकार ब्रूनेल यानें एक मर्म ओळखलें होतें. जहाज सर्व बाजूंनीं वाढविलें, तर त्याच्या पोटांतील जागा घनाच्या प्रमाणांत वाढते, पाण्याचा विरोध मात्र वर्गाच्याच प्रमाणांत. म्हणून मोठें जहाज दूरवर जाऊं शकतें.

वेगाचें गणित याहून निष्ठुर आहे. साधारण जहाजाचा वेग दुप्पट करावयाचा, तर शक्ति सुमारें आठपट लागते. वेळ निम्मा झाला तरी तेंच अंतर कापण्यास इंधन चौपट जळतें. पृष्ठभागावरून धांवणाऱ्या हलक्या मोटरबोटीस हा विरोध कांहींसा चुकवितां येतो. पण तिचें पोट लहान, आणि तेलाचा भार वाढला कीं तिला पाण्यावर उचलून धरणें कठीण! तेल हवें वेगासाठीं, आणि तेलाचेंच ओझें वेगाच्या मुळावर येतें.

१९८६ च्या जून महिन्यांत रिचर्ड ब्रॅन्सन व त्यांचे सोबती 'व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर २' या ७२ फूट लांबीच्या नौकेंतून निघाले. तिला २,००० अश्वशक्तीचीं दोन यंत्रें होतीं. डीझेल यंत्रास दर अश्वशक्तीमागें तासाला सुमारें १५० ग्रॅम तेल लागतें, असें धरल्यास पूर्ण शक्तीनें ताशीं ६०० किलो, आणि तीन दिवसांस चाळीस टनांहून अधिक तेल होतें. म्हणून भर समुद्रांत तीन वेळां तेल घेण्याची योजना होती. त्यांतील एका खेपेस तेलांत पाणी मिसळलेलें निघालें व कित्येक तास वायां गेले. तरीही त्यांनीं ३ दिवस ८ तास ३१ मिनिटांत अटलांटिक ओलांडला. १९५२ मध्यें 'युनायटेड स्टेट्स' या जहाजास ३ दिवस १० तास ४० मिनिटें लागलीं होतीं.

तथापि हेल्स करंडक त्यांस मिळाला नाहीं. नौकेनें वाटेंत तेल घेतलें आणि ती व्यापारी वाहतुकीची नव्हती, ही अडचण पुढें आली. १९९० मध्यें 'हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन' हें उतारू व मोटारी नेण्यासाठीं बांधलेलें जहाज कोठेंही न थांबतां ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत पार झालें, आणि करंडक त्यास मिळाला.

कोणी या निर्णयास कोतेपणा म्हणेल. त्या खलाशांच्या धैर्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु स्वतःच्या पोटांतील शिदोरीवर पैलतीर गाठणें व वाटेंत मदत घेऊन तेथें पोहोंचणें, हे दोन निराळे पराक्रम होत. 'ग्रेट वेस्टर्न'च्या २०० टन कोळशानें हाच भेद १८३८ मध्यें दाखवून दिला होता.