मोटारगाडीतील विजेची किंमत: डायनॅमो ते अल्टरनेटर

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसवण्यात आला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याचे कष्टाचे व धोक्याचे काम हळूहळू इतिहासजमा झाले. मात्र बॅटरीतून खर्च होणारी वीज भरून काढण्याचा भार तेव्हापासून इंजिनावर आला.

पुढची सुमारे पन्नास वर्षे हा भार डायनॅमोमार्फत उचलला गेला. डायनॅमोत वीज आर्मेचर या फिरत्या भागाच्या वेटोळ्यांत निर्माण होते आणि कम्युटेटर या तांब्याच्या पट्ट्यांच्या वलयावर घासणाऱ्या कार्बन ब्रशांतून ती सगळी बाहेर काढावी लागते. अतिवेगात ब्रश झिजत आणि जड वेटोळी सुटण्याचा धोका असे, म्हणून डायनॅमोचा वेग बेताचाच ठेवला जाई. परिणामी गाडी उभी असताना, इंजिन मंद फिरत असताना आणि दिवे चालू असताना बॅटरी भरण्याऐवजी उतरत असे.

सिलिकॉन डायोड आवाक्यात आल्यावर क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर दिला. यात चुंबकक्षेत्र निर्माण करणारा रोटर फिरतो, वीज स्थिर स्टेटरमध्ये तयार होते आणि प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड त्या प्रत्यावर्ती विजेचे बॅटरीला लागणाऱ्या एकदिश विजेत रूपांतर करतात. ब्रशांतून केवळ रोटरपुरता थोडा प्रवाह जात असल्याने हे यंत्र इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरवता येते आणि मंद इंजिनावरही बॅटरी भरते.

तरीही ही वीज फुकट मिळत नाही. लेन्झच्या नियमानुसार निर्माण होणारा प्रवाह स्वतःला निर्माण करणाऱ्या गतीलाच विरोध करतो, त्यामुळे दिवे, पंखे व काचेचे हीटर जितके अधिक चालू, तितका रोटर फिरवणे जड. १४ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १,४०० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरल्यास त्यासाठी रोटर फिरवणाऱ्या पट्ट्यावाटे इंजिनाकडून सुमारे ३.४ अश्वशक्ती घेतली जाते. पूर्ण जोरात धावणाऱ्या १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला ती जाणवत नाही, पण शहरातल्या संथ वाहतुकीत, जिथे गाडी चालवायलाच मोजकी शक्ती लागते, तिथे तिचा इंधनातला वाटा मोठा ठरतो.

हा खर्च वाचवण्यासाठी बीएमडब्ल्यूने २००७ च्या सुमारास ब्रेक लावताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर प्रामुख्याने बॅटरी भरणारी यंत्रणा आणली, तर युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये व्हॅलिओ कंपनीच्या अधिक कार्यक्षम अल्टरनेटरला कार्बन डायऑक्साइड घटवणारे नवतंत्र म्हणून मान्यता दिली. पेट्रोल वा डिझेलवर धावणाऱ्या गाडीतला प्रत्येक दिवा अखेर त्याच इंधनावर जळतो, हे या शतकभराच्या इतिहासातून दिसते.