‘मिस इंडिया’चा वैमानिक



वैमानिकांचे किस्से निघाले की १९३०चा आगाखान बक्षिसाचा किस्सा हटकून येतो. इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास महिन्याच्या आत एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंड. उमेदवार तीन : मुंबईत विमान चालवायला शिकलेले जेआरडी टाटा, जेमतेम १७ वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनिअर आणि रावळपिंडीचा मनमोहन सिंग. विमान म्हणजे जिप्सी मॉथ! चार सिलिंडरचं इंजिन, उघडं कॉकपिट, रेडिओ नाही. आमच्या इथे फोरबर्गमध्ये वारा सुटला की मला सायकल आवरत नाही, म्हणून यांचं जास्तच कौतुक.

जेआरडी कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकिरला गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता, जवळ जादा नाही. जेआरडींनी आपल्याकडचे काढून दिले, आणि त्याच प्लगांच्या जोरावर पठ्ठ्या काही तासांनी शर्यत जिंकला! पुढे हाच मुलगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. जेआरडींनी १९३२मध्ये टपालविमान सुरू केलं, त्याचीच एअर इंडिया झाली.

मनमोहनचा मात्र फक्त विनोद उरला. त्याने विमानाचं नाव ठेवलं होतं ‘मिस इंडिया’. पण स्वारी सारखी वाट चुकायची. ‘द एअरोप्लेन’चे संपादक सी. जी. ग्रे यांनी लिहिलं की नाव ‘मिस इंडिया’ आहे, आणि तो चुकवणारच! (मिस म्हणजे कुमारी, आणि मिस म्हणजे हुकणे.) शेवटी तो कराचीला पोचला, पण महिन्याची मुदत उलटून गेली होती. बक्षीस हुकलं, हिंदुस्थान नाही.

मीही हा किस्सा हसत हसत सांगायचो. पुढचं कळलं ते इथे आल्यावर. युद्धात मनमोहन कॅटॅलिना या फ्लाइंग बोटीवर वैमानिक होता. मार्च १९४२मध्ये जावा पडत होतं आणि तिथली डच कुटुंबं विमानांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरात येत होती. ३ मार्चला सकाळी जपानी झीरो विमानांनी हल्ला केला. फ्लाइंग बोटी पाण्यात उभ्या होत्या, काहींत बायकामुलं बसलेली. किमान ८८ माणसं गेली, त्यात डच निर्वासित पुष्कळ. मनमोहन सिंगही तिथेच गेला.

जपानी ताब्याच्या काळात डच ईस्ट इंडीजमध्ये गेलेल्यांचं स्मारक शेजारीच हेगला आहे, आणि स्मरणदिन १५ ऑगस्ट! आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन आणि जिलेबी. यंदा झेंडावंदन उरकून सायकलने तिकडे गेलो. बरेच वयस्कर लोक फुलं घेऊन आले होते. एका आजींनी विचारलं, तुमचं कोण होतं? मी म्हटलं, एक वैमानिक. आणि मग ‘मिस इंडिया’चा विनोद माझ्या मोडक्या डचमध्ये समजावून सांगितला. आजी हसल्या.