नव्वद मिनिटांची कुळकथा

आवडती गाणी निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, ती एका कॅसेटवर उतरवायची आणि कुणाला तरी द्यायची. मिक्सटेपची ही रीत ज्या वस्तूवर रुजली, ती मुळात गाण्यांसाठी केलेलीच नव्हती. कॅसेट जन्मली ती बोलणं टिपण्यासाठी. बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या फिलिप्स कारखान्यात लू ओटेन्स या डच अभियंत्याने कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा घेतला आणि आपला टेपरेकॉर्डर एवढाच हवा, असं ठरवलं. ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांसमोर आली. तिची फीत चार मिलिमीटरहून अरुंद होती आणि सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकायची. भाषणाला ती पुरायची, संगीतात मात्र खरखर ऐकू यायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डॉल्बीची खरखर दाबणारी यंत्रणा आणि क्रोमियम डायऑक्साइडची फीत आली, तेव्हा कुठे कॅसेटला रेकॉर्ड प्लेअरच्या शेजारी जागा मिळाली.

पण कॅसेटचं खरं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत होतं: ती कोरी विकत मिळायची. तबकडी कारखान्यातच छापली जाई आणि कुठल्या गाण्यानंतर कुठलं गाणं, हे कंपनी ठरवी. कोऱ्या कॅसेटने तो अधिकार ऐकणाऱ्याच्या हाती दिला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजेंनी सत्तरच्या दशकातच आपल्या कार्यक्रमांच्या कॅसेट विकायला सुरुवात केली होती. घरात बसून, एकाच माणसासाठी कॅसेट भरण्याच्या रीतीला मात्र सगळ्यात जवळचं नातं मिळालं ते इंडी रॉकमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर निघालेल्या रॉकमध्ये.

जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या. मोठ्या कंपनीवाचून रेकॉर्ड काढता येते, हे त्यातून सगळ्यांना दिसलं आणि ब्रिटनभर छोटी लेबलं उभी राहिली. लंडनचं रफ ट्रेड हे दुकान त्यांचा माल देशभर पोचवू लागलं. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डांची वेगळी क्रमवारी छापून येऊ लागली. तिच्यात यायला एकच अट होती: रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली नसावी. गाणं कसं वाजतं, याचा त्या अटीशी संबंध नव्हता.

अशा रेकॉर्डा हजार-दोन हजार निघत आणि संपत. बीबीसीवर रात्री निवेदक जॉन पील त्या वाजवी, पण दिवसाच्या रेडिओवर त्यांना फारशी जागा नव्हती. मग लहान गावातल्या मुलाने त्या ऐकायच्या कुठे? ज्याच्याकडे रेकॉर्ड आहे त्याने भरून दिलेल्या कॅसेटवर. इंडी रॉकचा मोठा श्रोतृवर्ग असा हातोहात तयार झाला.

कॅसेट भरणं हे कसबाचं काम होतं. सी-९० म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. फितीच्या टोकाला असलेल्या कोऱ्या पट्टीवर काही उमटत नाही, म्हणून ती आधी पुढे सरकवायची. रेकॉर्ड आणि पॉझ ही दोन्ही बटणं दाबून ठेवायची, तबकडीच्या खाचेत सुई उतरवायची आणि पहिला सूर निघण्याआधीच्या क्षणी पॉझ सोडायचा. आवाजाची पातळी दाखवणारा काटा लाल भागात गेला तर आवाज फाटतो, फार खाली राहिला तर खरखर वर येते. प्रत्येक गाणं पूर्ण वेळ वाजू द्यायचं. बाजू संपायला दोन मिनिटं उरली, तर तेवढ्यात बसणारं गाणं शोधायचं, नाहीतर गाणं मध्येच तुटतं. शेवटी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरत नाही. एवढं केल्यावर आतल्या कार्डावर बारीक अक्षरात नावं लिहायची.

या घरगुती रीतीचं सगळ्यात प्रसिद्ध छापील रूप म्हणजे ‘सी८६’. न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाने १९८६ मध्ये २२ बँडची २२ गाणी एका कॅसेटवर आणली. नाव कॅसेटच्या सी-६०, सी-९० या मापांच्या धर्तीवर आणि सालावरून घेतलं. पहिलंच गाणं प्रायमल स्क्रीमचं, दीड मिनिटाहूनही कमी लांबीचं. पुढे ‘सी८६’ हे झणझणत्या गिटारींच्या एका संगीतशैलीचंच नाव झालं. कॅसेट भरणाऱ्याची निवड संगीताला ओळख देऊ शकते, याचा इतका ठळक पुरावा दुसरा नाही.

कंपन्यांना हे रुचलं नाही. घरी कॅसेट भरल्याने संगीत मरतं, अशी मोहीम ब्रिटनच्या रेकॉर्ड उद्योगाने १९८१ मध्ये चालवली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीज या बँडने सगळी गाणी कॅसेटच्या एकाच बाजूला घातली आणि दुसरी बाजू श्रोत्यांनी भरावी म्हणून कोरी सोडली. बाजू कुणाची खरी, हे मला त्या कोऱ्या बाजूत दिसतं. छोट्या बँडना नवे कान मिळवून दिले ते कॅसेट भरणाऱ्यांनीच.

आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दुकानात देऊन ती भरून घेत असत. निवड आपली, हात दुकानदाराचा. मिक्सटेपमध्ये निवड आणि हात एकाच माणसाचे असतात, आणि भरताना त्याला प्रत्येक गाणं देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही कानांनी ऐकावं लागतं.

आज फोनवरच्या यादीला शेवट नाही. हजार गाणी घातली तरी चालतात, म्हणून कुठलंच गाळावं लागत नाही. पण मिक्सटेपचं सगळं कसब गाळण्यातून आलं. म्हणून वाचकांना आग्रहाने सांगतो: एक माणूस डोळ्यांसमोर ठेवा. ४५ मिनिटांचे दोन भाग आखा, त्यात न बसणारं कितीही आवडतं असलं तरी बाहेर ठेवा, पूर्ण यादी एकदा सलग ऐका आणि मगच त्या माणसाला द्या.