रात्रीचा सोबती

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण थट्टेने म्हणतो. परंतु १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आलेली विस्मृतीची रोगी स्त्री अवघी ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर १९०६ साली डॉ. आल्झायमर यांनी तिच्या मेंदूतील बिघाड विद्वानांपुढे मांडला. थट्टेचा विषय रोग ठरला.

दिवेलागणीनंतर असे पुष्कळ रोगी अस्वस्थ होतात. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचे आहे’ असे विनवितात. त्यांच्या सोबतीसाठी जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी १९९३ साली ‘पारो’ या यंत्रप्राण्याचे काम आरंभिले. मांजर केले, तर लोक खऱ्या मांजराशी ताडून पाहत. म्हणून त्यांनी सहसा कोणी न पाहिलेले सीलचे पिल्लू निवडले. कुरवाळले की ते हलते, चीत्कारते. २००५ साली ते जपानात विक्रीस आले.

आपल्या अंधेरीत तर १९७३ सालीच इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सीप्झ वसले. यंत्राचे नवल आपणांस नाही. प्रश्न निराळाच आहे. पारो रात्रभर कंटाळत नाही, हे खरे. पण दाराची कडी काढणाऱ्या आजीला तो परत आणू शकत नाही. त्यासाठी सून जागीच असते. तिला विसावा कोणी द्यावयाचा, याचे उत्तर यंत्राजवळ नाही. ते आपणच दिले पाहिजे.