जर्मन करारबद्ध सेवक, वसाहतकालीन अमेरिकेतील

अठराव्या शतकात जहाजभाड्याच्या कर्जापोटी स्वतःचे किंवा मुलांचे श्रम काही वर्षांसाठी विकून उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत, मुख्यतः पेनसिल्व्हेनियात, स्थायिक झालेले जर्मनभाषक स्थलांतरित. त्यांना रिडेम्प्शनर म्हणत. इंग्रज करारबद्ध नोकर मुदतीच्या करारावर सही करूनच जहाजावर चढे. जर्मन स्थलांतरित मात्र भाड्याचे देणे डोक्यावर घेऊन निघे आणि किती वर्षे राबायचे ते त्याला पलीकडच्या किनाऱ्यावर कळे. इंग्रज नोकर बहुधा एकटा तरुण असे. जर्मन मोठ्या संख्येने बायकामुलांसह येत. त्यामुळे देणे सबंध कुटुंबाचे होई आणि ते फेडताना पुष्कळदा कुटुंबाचीच फाटाफूट होई.

हे लोक प्रामुख्याने ऱ्हाईन खोऱ्यातले : पॅलटिनेट, व्युर्टेंबर्ग, बाडेन, हेसे, अल्सेस आणि जर्मनभाषक स्वित्झर्लंड. वारंवारच्या युद्धांनी हा प्रदेश पोळला होता. वारसांत वाटून वाटून शेतांचे तुकडे पडले होते आणि संस्थानिकांचे कर व वेठ चालूच होती. अनेक ठिकाणी गाव सोडायचे तर भूदास्यातून सुटण्याची फीही भरावी लागे. जर्मन वस्तीची सुरुवात 1683 मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनने झाली. तिथे आलेली क्रेफेल्टची 13 कुटुंबे कर्जात बुडालेली नव्हती. मोठा लोंढा नंतरचा. 1709 च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर हजारो पॅलटिनेटवासी लंडनला पोचले. त्यांतील सुमारे 3,000 जणांना ब्रिटिश सरकारने 1710 मध्ये न्यूयॉर्कला नेले. हडसन नदीकाठी पाइन वृक्षांपासून आरमारासाठी डांबर काढून त्यांनी प्रवासखर्च फेडावा, अशी योजना होती. ती दोन वर्षांत बारगळली. दरम्यान पोरकी झालेली आणि आईबाप असलेलीही कित्येक मुले गव्हर्नर रॉबर्ट हंटर याने उमेदवारीवर बांधून दिली होती. वाटेत वडील गमावलेला जॉन पीटर झेंगर हा मुलगा त्यांतलाच. मुद्रक विल्यम ब्रॅडफर्डकडे त्याला 8 वर्षांसाठी ठेवले गेले. पुढे 1735 मध्ये तत्कालीन गव्हर्नरच्या बदनामीच्या खटल्यातून सुटलेला वृत्तपत्रमुद्रक म्हणून त्याचे नाव झाले.

स्वातंत्र्ययुद्धापूर्वी वसाहतींत आलेल्या जर्मनभाषकांची संख्या 80 हजार ते 1 लाखाच्या घरात धरतात. त्यांतले बहुसंख्य फिलाडेल्फिया बंदरात उतरले. भरतीची वर्षे 1749 ते 1754. सर्वच कर्जदार नव्हते, पण उधारीवर येणाऱ्यांचा वाटा मोठा होता. गावोगाव हिंडून लोकांना तयार करण्याचे काम नॉयलेंडर म्हणून ओळखले जाणारे दलाल करीत. हे बहुधा अमेरिका पाहून परतलेले असत आणि त्यांना माणशी दलाली मिळे. नावेने ऱ्हाईनमार्गे रॉटरडॅमला यायला 4 ते 6 आठवडे लागत. वाटेत जकातनाकी इतकी, की गाठीची रक्कम बंदरावर पोचेपर्यंत निम्मी व्हावी. तेथून इंग्लंडमधील काउस बंदरात जकातीसाठी थांबून जहाज अटलांटिकमध्ये शिरे आणि वारा अनुकूल नसला तर 12 आठवडेही घेई.

या प्रवासाचे सर्वांत परिचित वर्णन गॉटलीप मिटेलबर्गर या व्युर्टेंबर्गच्या शाळामास्तर व ऑर्गनवादकाचे. तो 1750 मध्ये गेला, 1754 मध्ये परतला आणि 1756 मध्ये त्याचे पुस्तक निघाले. देशबांधवांना जाण्यापासून परावृत्त करणे हा त्याचा उघड हेतू होता, तेव्हा भडक रंग गृहीत धरूनच ते वाचावे. जहाजांच्या नोंदींवरून सर्वसाधारण प्रवासातील मृत्युप्रमाण शेकडा 4 च्या आसपास निघते. लहान मुलांत ते बरेच अधिक होते. पण एखादे वर्ष भयंकर निघे. 1738 मध्ये आलेल्या हाइनरिश केपेले याने आपल्या जहाजावरील 312½ उतारूंपैकी 250 वाटेतच मेल्याची नोंद केली आहे. हा अर्धा उतारू म्हणजे लहान मूल. भाड्याचा हिशेब ‘पूर्ण’ आणि ‘अर्ध्या’ माणसांत चाले. मिटेलबर्गरच्या सांगण्यानुसार दहा वर्षांवरील प्रत्येकाचे 10 पौंड, पाच ते दहा वर्षांच्या मुलांचे 5 पौंड आणि त्याहून लहानांचे काहीच नाही.

जहाज नांगरले की भाडे चुकवू शकणारे उतरत. बाकीच्यांना जहाजावरच थांबवून ठेवीत. गिऱ्हाइके जहाजावर येऊन माणसे पाहत आणि मुदतीचा सौदा करीत. साधारण दोन आठवड्यांत नातेवाईक किंवा मालक मिळाला नाही, तर कप्तान वा व्यापारी परस्पर विक्री करी. धडधाकट लोक लवकर खपत, आजारी व म्हातारे मागे राहत. प्रौढांची मुदत बहुधा 3 ते 6 वर्षांची असे, मुलामुलींना सज्ञान होईपर्यंत राबावे लागे. आईबापांपुढचा हिशेब इथे येतो : दोन मुलांना दीर्घ मुदतीने बांधून दिले, तर त्यांच्या किमतीत स्वतःचे देणेही भागे आणि आईबाप मोकळे राहत. अगदी लहान मूल कोणी घेत नसे, म्हणून त्याचा भार आईबापांच्या मुदतीवर चढे. नवरा किंवा बायको अर्ध्याहून अधिक प्रवास झाल्यावर वारली, तर मागे राहिलेल्याला दोघांचेही भाडे फेडावे लागे, असे मिटेलबर्गर सांगतो. एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या मालकांकडे जात आणि पुन्हा भेटायला वर्षे लागत. जर्मनटाउनचा मुद्रक क्रिस्टोफर सावर 1739 पासून जर्मन वृत्तपत्र काढी. त्यात हरवलेल्या भावंडांच्या, मुलांच्या शोधाच्या जाहिराती येत. वसाहतीच्या इतिहासाचा हा भाग कायद्याच्या कलमांपेक्षा या छोट्या जाहिरातींत जास्त नीट वाचता येतो.

काम बहुतेक शेतीचे आणि घरातले असे. काही जण लोखंडाच्या भट्ट्यांवर किंवा शहरातील कारागिरांकडे जात. मालक बरेचदा आधी आलेला जर्मनच असे. भाषेची सोय होई. वागणूक चांगली मिळेलच असे नसे. पेनसिल्व्हेनियाच्या 1700 च्या कायद्यानुसार संमतीशिवाय नोकराला प्रांताबाहेर विकता येत नसे. पळून गेल्यास प्रत्येक गैरहजर दिवसामागे पाच दिवस जादा राबावे लागे आणि मालकाच्या परवानगीविना लग्न केल्यास मुदत वर्षभर वाढे. मुदत संपताना दोन जोड कपडे (पैकी एक नवा), कुऱ्हाड आणि दोन कुदळी मिळण्याचा हक्क होता. मुलांच्या करारात लिहायवाचायला शिकवण्याची अट पुष्कळदा असे. मालकाविरुद्ध न्यायालयात जाता येई, मुदत कधीतरी संपे आणि नोकराची मुले जन्मतः बांधलेली नसत. आफ्रिकी गुलामांना यातले काहीच नव्हते. दोन्ही व्यवस्थांना एकाच मापाने मोजणारे लेखन म्हणूनच फसवे ठरते.

सुटका झालेल्यांपैकी बरेच जण लँकेस्टर, बर्क्स या परगण्यांत किंवा आणखी दक्षिणेला मेरिलंड-व्हर्जिनियाच्या डोंगरी भागात कुळे वा छोटे शेतकरी झाले. ही जमीन मूळच्या लेनापे व इतर जमातींकडून काढून घेतलेली होती.

जहाजांतील गर्दीवर 1750 मध्ये पेनसिल्व्हेनियाने निर्बंध घातले, पण त्यांची अंमलबजावणी ढिली राहिली. 26 डिसेंबर 1764 रोजी फिलाडेल्फियातील जर्मनांनी साहाय्य संस्था स्थापन केली. तिचा पहिला अध्यक्ष केपेलेच होता. तिच्या पाठपुराव्याने 1765 मध्ये कायदा कडक झाला आणि जहाजावर वैद्य व औषधे ठेवणे सक्तीचे झाले. स्वातंत्र्ययुद्धात हा व्यापार थांबला, नंतर पुन्हा सुरू झाला आणि 1816 च्या दुष्काळानंतर त्याला शेवटची भरती आली. 1819 च्या संघराज्यीय कायद्याने दर 5 टनांमागे दोनच उतारूंची मर्यादा घातली. उधारीवर माणसे आणणे व्यापाऱ्यांना परवडेनासे झाले आणि 1820 च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ बंद पडली.